सात फुटांच्या आतला सुपरहिरो

४ फेब्रुवारी, सोमवार

नाटक कंपनीने आज मला भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. तेहतीस वर्षं विंगेत उभं राहून नटांना वाक्यं पुरवली. आता ते काम कानात घालायचं एक यंत्र करणार आहे. वाटाण्याएवढं आहे. व्यवस्थापक म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका. मी घेतलं.

निरोपाचं भाषण दादाने केलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ आणि कंपनीचा नायक. सहा फूट उंची, छाती अशी की राजाचा झगा तिच्यावर आपोआप फुगतो. माझ्याबद्दल चार शब्द बोलता बोलता तो मध्येच थांबला. मी सवयीने मागून "आणि म्हणूनच" असं पुरवलं, तो "आणि म्हणूनच" म्हणाला आणि पुढे निघाला. टाळ्या पडल्या. म्हणजे माझ्या निरोपालाही प्रॉम्प्टर मीच.

दादाचे विराम गाजलेले आहेत. एका समीक्षकाने लिहिलं होतं की, हा नट बोलतो तेव्हा नाटक ऐकू येतं आणि थांबतो तेव्हा दिसतं. आता वहीत लिहायला हरकत नाही: ते विराम नव्हतेच. दादाला वाक्य आठवत नसे आणि ते माझ्याकडून येईपर्यंत तो छताकडे बघत असे. सगळ्यात गाजलेला विराम, तिसऱ्या अंकातला, पूर्ण अकरा सेकंदांचा, माझा चष्मा विंगेत पडला होता म्हणून झाला. मी गुडघ्यांवर बसून चष्मा चाचपत होतो आणि समोर नऊशे माणसं डोळे पुसत होती.

बायको कंपनीच्या कपडेपटात झगे शिवते. तिने घड्याळ बैठकीच्या खोलीत लावलं आणि म्हणाली, आता निदान वेळेवर जेवाल.

६ फेब्रुवारी, बुधवार

आज जे घडलं ते नीट लिहून ठेवतो, कारण पुढे कोणीतरी विचारील.

पाणी खात्याच्या कचेरीत मीटरची तक्रार घेऊन रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक बारीकशा आजी. खिडकीतल्या बाबूने मान वर न करता "उद्या या" म्हटलं. आजींनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. हे तोंड मी ओळखतो. वाक्य अडलं की असंच होतं. मी विचार न करता मागून पुरवलं, "उद्या नाही. आज. तोवर मी इथेच बसते."

"उद्या नाही," आजी म्हणाल्या. "आज. तोवर मी इथेच बसते." आणि खरंच पिशवी अंथरून खिडकीखाली बसल्या. बाबू इतका दचकला की त्याने शिक्का दोनदा मारला.

माझ्या अंगावर काटा आला. आजींना ते वाक्य माहीत नव्हतं, मी ते त्यांच्या तोंडात घातलं आणि ते बाहेर आलं. ही साधी गोष्ट नाही. जाताना आजी मला म्हणाल्या, "जरा मोठ्याने बोलला असतात तरी चाललं असतं हो." त्यांना कसला तरी भास झाला असावा.

९ फेब्रुवारी, शनिवार

चार दिवसांत सात माणसं. शिंप्याकडे एक मुलगी, दवाखान्यात एक गृहस्थ, बसमध्ये दोन बायका आणि इतर किरकोळ. सगळ्यांनी माझी वाक्यं आपली म्हणून म्हटली. एकाने मागे वळून माझा हात दाबला. हे कशासाठी ते कळलं नाही.

लेकीला सांगितलं. ती चित्रकथा छापणाऱ्या कचेरीत आहे. चित्रातल्या माणसांच्या तोंडातून जे फुगे निघतात त्यांतली अक्षरं ती हाताने लिहिते. तिथे सगळे दिवसभर सुपरहिरोच करतात, म्हणजे हिला विषयाची माहिती. मी विचारलं, सुपरहिरो व्हायला काय काय लागतं?

तिने पेन्सिल कानावरून काढली आणि म्हणाली की पोशाख लागतो, शत्रू लागतो, एखादी कमजोरी लागते आणि संकट आलं की तो आकाशातून येतो.

मी म्हटलं, मी संकटाच्या आधीच येऊन मागे उभा असतो.

"शत्रू कोण?"

"पंखा. पंखा चालू असला की माझं ऐकू जात नाही."

तिने तोंडावर हात धरला आणि खोकली. मग आणखी बरंच विचारलं: किती अंतरावरून चालतं, उभा कसा राहता, मान कुठे वळवता. मी सगळं सांगितलं, दाखवलं. ती वहीत काहीतरी टिपत होती, बहुधा वाणसामानाची यादी.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

शक्तीची शास्त्रशुद्ध तपासणी केली. निष्कर्ष:

सात फुटांच्या पुढे चालत नाही. टेपने मोजलं.

माणसाच्या मनात नसलेलं वाक्य घालता येत नाही. खालच्या मजल्यावर एक गृहस्थ बासरी शिकतात. आठ महिने एकच ओळ शिकताहेत. तीन दिवस त्यांच्या खिडकीखाली उभं राहून मी कुजबुजलो, "आजपासून मी बासरी सोडली." तिसऱ्या दिवशी ते खिडकीत आले आणि म्हणाले, बाहेर का उभे राहता, आत येऊन ऐका. दीड तास ऐकलं.

स्वतःवर चालत नाही. त्या दीड तासात मला "निघतो आता" एवढंही म्हणता आलं नाही.

पोशाखाचाही प्रयोग झाला. बायकोने राजाचा मखमली झगा दुरुस्तीला घरी आणला आहे. ती बाहेर गेल्यावर तो चढवून मी जिन्यापर्यंत गेलो. झगा लिफ्टच्या दारात अडकला, लिफ्ट वर निघाली आणि मी दोन पायऱ्या तिच्याबरोबर गेलो. पहारेकऱ्याने सोडवलं. म्हणाला, "काय काका, नवीन नाटक मिळालं वाटतं." झगा जिथे होता तिथे ठेवला. बायकोला कळलेलं नाही. रात्री जेवताना तिने फक्त एवढंच विचारलं की मखमलीला ग्रीस लागलं तर कशाने जातं, मला काही कल्पना आहे का.

१७ फेब्रुवारी, रविवार

आज फार मोठं काम झालं.

लेकीच्या कचेरीत एक जिराफ आहे. म्हणजे माणूसच, पण दारातून येताना वाकतो. चित्रकथांच्या गोष्टी तो लिहितो. दोन वर्षं आमच्याकडे येतो, चहा पितो, आमच्या दिव्याला डोकं आपटतो आणि जातो. भला मुलगा आहे. आज दुपारी आला तेव्हा बायको कामावर होती. मी स्वयंपाकघरात चहा टाकला होता. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये आमच्याकडे दार नाही, पडदा आहे. पडद्यापासून कोचापर्यंत साडेसहा फूट. (१२ तारखेला मोजलेलं.)

तो म्हणाला, मला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली आहे. आपण लग्न करू. तू ही नोकरी सोडून माझ्याबरोबर येशील का?

लेक गप्प.

मी पडद्यामागे. हातात गाळणं. एक सेकंद, दोन, तीन, पाच. लेकीचं तोंड किंचित उघडलं आणि तसंच राहिलं. माझ्या पोटच्या पोरीचं वाक्य अडलं होतं, आणि तेही आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या प्रवेशात. तेहतीस वर्षांचा अनुभव कशासाठी असतो? मी पडद्याला तोंड लावलं आणि पुरवलं, "हो. येईन मी."

कुजबुजीला बाई-पुरुष नसतो. नायिकांनाही मीच वाक्यं देत आलो. जिराफ घाबरून आपल्या बुटांकडे बघत बसला होता, त्याने फक्त ऐकलं. तो उठला, दिव्याला डोकं आपटलं, तिथल्या तिथे आईला फोन लावला. आई तिकडे रडायलाच लागली. फोन लेकीच्या हातात आला. ती "हं" म्हणाली. मग पुन्हा "हं". बघत मात्र पडद्याकडे होती.

तो गेल्यावर ती आत आली. मला वाटलं गळ्यात पडेल.

"ते तुम्ही बोललात."

मी म्हटलं, मी फक्त पुरवलं. बोलायचं तुला होतंच.

"मी अडले नव्हते, बाबा," ती म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली.

आनंदाने माणूस कधीकधी असा वागतो.

२० फेब्रुवारी, बुधवार

लेक माझ्याशी बोलत नाही. जे सांगायचं ते कागदाच्या फुग्यात सुंदर अक्षरांत लिहून फ्रिजवर लावते. फुग्याची शेपटी तिच्या खोलीच्या दिशेने असते. आजचे फुगे: "मीठ संपलं." "माझ्या टेबलाला हात लावू नये." "कुणी पडद्यामागे आहे का?"

शेवटचा बहुधा विनोद असावा. मी हसलो, पण एकट्यानेच.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

जिराफाने राजीनामा दिला. तिकडे दोन खिडक्यांचं घर पाहिलं आहे, एक खिडकी लेकीच्या टेबलासाठी. त्याची आई तीन तारखेला रविवारी सगळं ठरवायला येणार आहे. हे मला बायकोने सांगितलं, झग्याला अस्तर लावता लावता.

मी म्हटलं, मग छानच झालं की.

बायकोने दातांतली सुई काढली. "तिला काय हवं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे?"

मी म्हटलं, माझी शक्ती मनात नसलेलं घालू शकत नाही. ते शास्त्रशुद्ध सिद्ध झालेलं आहे, बासरीवाल्यांना विचार.

"अहो, तिने कुठे म्हटलं? म्हटलं तुम्ही. ती थांबली होती. दहा वर्षं घासून आता कुठे तिच्या अक्षराला नाव झालंय, आणि तो पोरगाही तिला आवडतो. एवढं मोठं काही विचारलं तर माणूस थांबणारच ना?"

मी म्हटलं, मग तिने त्याला सरळ सांगावं.

"तिने सांगितलं तर तो म्हणणार, आता शब्द फिरवते. ज्याने हो म्हटलं त्यानेच जाऊन सांगायचं."

सुई परत दातांत गेली. म्हणजे विषय संपला.

हिरोने स्वतःच आपला बुरखा काढायचा, हे नियमांत बसत नाही. लेकीला विचारलं असतं, पण ती बोलत नाही.

२५ फेब्रुवारी, सोमवार

दादाकडे गेलो. तो आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. कानातलं यंत्र काढून बशीत ठेवून बसला होता. त्याला ते चालत नाही म्हणे. यंत्र त्याच्यासाठी झुकत नाही.

सगळी हकिकत सांगितली. मला वाटलं तो पाठीशी उभा राहील, कारण पडद्यामागच्या माणसाची किंमत त्याच्याइतकी कोणाला? तेवढ्यासाठी मी पहिल्यांदाच ते बोलूनही दाखवलं: तुझे सगळे गाजलेले विराम म्हणजे वाक्यं अडलेली होती आणि ती मी पोचवली.

दादा बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अर्धी अडलेली होती. अर्धी मला येत होती."

"येत होती तर बोलत का नव्हतास?"

"थांबलो होतो. तेहतीस वर्षांत तू मला एकदाही थांबू दिलं नाहीस. मी जरा श्वास घेतला की तुझं वाक्य हजर."

मी म्हटलं, मग कधी सांगितलं का नाहीस?

तो म्हणाला की मी विंगेत असा पुढे झुकून, डोळे मोठे करून उभा असायचो की त्याला दया यायची. घेऊ दे बिचाऱ्याला, असं वाटायचं. मग म्हणाला, "तिसऱ्या अंकात तुझा चष्मा पडला होता ना, तेवढा एक विराम माझा. बाकी सगळे तू खाल्लेस."

दादा थापा मारतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्याला अर्ध्या वेळा स्वतःच्या पात्राचं नावही आठवत नसे.

पण चष्मा पडल्याचं मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. म्हणजे त्या अकरा सेकंदांत तो छताकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता, मी चाचपडतोय हे त्याला दिसत होतं, आणि तो आरामात उभा होता.

घरी येऊन फ्रिजवरचे फुगे पुन्हा वाचले. जेवण गेलं नाही. मला माझ्या लेकीची लाज वाटली. म्हणजे तिच्यापुढे माझी.

३ मार्च, रविवार

सगळं क्रमाने लिहितो.

चार वाजता जिराफ आणि त्याची आई आली. आई ठेंगणी आहे. लेक कोचाच्या टोकाला, बायको खुर्चीत, मी पडद्याला पाठ लावून उभा. दादा स्वयंपाकघरात. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. म्हणाला, आयुष्यभर तू माझ्यामागे उभा राहिलास, आज मी उभा राहतो. राजाचा झगा घालून आला होता. का ते मी विचारलं नाही.

आईने पिशवीतून दोन खिडक्यांच्या पडद्यांचं कापड काढलं आणि लेकीला रंग विचारला. मी म्हटलं, "एक मिनिट." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी माणसं माझ्याकडे एकदम पाहताहेत असं आजवर झालेलं नव्हतं. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. वाक्य कालपासून पाठ केलेलं, पण गेलं ते गेलंच.

मागून दादा कुजबुजला. दादाची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत जाते. "म्हण, ते 'हो' माझं होतं!"

जिराफाच्या आईने कप खाली ठेवला. बायको छताकडे बघू लागली.

"तो माझा भाऊ आहे," मी जिराफाला म्हणालो. "आणि ते 'हो' माझं होतं. त्या दिवशी ती काहीच बोलली नव्हती. मी पडद्यामागून बोललो. मला वाटलं तिचं वाक्य अडलंय. अडलं नव्हतं. माझं चुकलं. तुझं चुकवलं, आणि तिचं तर फारच चुकवलं."

शेवटची तीन वाक्यं पाठ केलेली नव्हती. ती कोणी पुरवली ठाऊक नाही. दादा तर तेव्हा बिस्किटं खात होता, मला आवाज येत होता.

जिराफ लाल झाला. "म्हणजे मला हो तुम्ही म्हणालात?"

"हो."

"परत म्हणालात," बायको म्हणाली.

त्याची आई एकदा माझ्याकडे आणि एकदा आपल्या मुलाकडे बघत होती. फोनवर आपण नेमक्या कोणाच्या होकारावर रडलो, याचा हिशोब तिला लागत नव्हता. मग जिराफ लेकीकडे वळला. त्याने घसा साफ केला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी बुटांकडे न बघता, तिच्याकडे बघून.

लेक गप्प.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा सेकंद. वीस. माझ्या जिभेवर वाक्यं येऊन उभी राहिली, एक नाही तीन, तिन्ही चांगली, तिन्ही योग्य स्वरात. मी ताटलीतलं बिस्किट उचलून अख्खंच्या अख्खं तोंडात घातलं. तिसाव्या सेकंदाला मागे दादाने श्वास ओढला. तो श्वास मी ओळखतो. मी हात मागे घालून पडद्यासकट त्याचं तोंड दाबून धरलं. कंपनीच्या नायकाला कोणी असं धरण्याची ही पहिलीच वेळ असेल. तो चावला. मी सोडलं नाही.

एकेचाळीस सेकंद झाले.

"तू जा," लेक म्हणाली. "मी आत्ता येत नाहीये. मला माझी अक्षरं इथे करायची आहेत. वर्षभर तू तिकडून लिही, मी इकडून लिहिते. मग विचारायचं झालंच तर मी विचारीन. तेव्हा तूही हवा तेवढा थांब."

माझ्या तीन उत्तरांत हे नव्हतं. जवळपासही नव्हतं. इतकं चांगलं वाक्य मला सुचलंच नसतं.

जिराफ थोडा वेळ गप्प राहिला. मी त्यालाही काही पुरवलं नाही, तोंडात बिस्किट होतं. मग तो म्हणाला, बरं. उठताना दिव्याला डोकं आपटलं आणि लेक पटकन उठून त्याचं कपाळ चोळू लागली. त्याची आई म्हणाली की कापड राहू दे इकडेच, कुठल्याही खिडकीला होईल.

१२ मार्च, मंगळवार

जिराफ परवा गेला. आज त्याचं पहिलं पत्र आलं. जाड आहे. लेकीने दार लावून वाचलं.

फ्रिजवर आज फुगा नव्हता, चित्राचं पान होतं. लेकीच्या कचेरीत नवा सुपरहिरो निघतोय म्हणे. टक्कल, चष्मा, स्वेटर, हातात गाळणं, तोंडात बिस्किट. झगा आहे, पण लिफ्टमध्ये अडकलेला. त्याच्या तोंडाशी काढलेला फुगा रिकामा आहे. मी म्हटलं, अक्षरं भरायची राहिलीत. ती म्हणाली, नाही राहिलेली. चित्र बरं आहे, पण माझं नाक एवढं मोठं नाही, आणि लिफ्टचं हिला कोणी सांगितलं हे मी शोधून काढणार आहे.

जेवताना लेकीने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "बाबा, मी बरोबर केलं ना?"

मला उत्तर माहीत होतं. पत्राची जाडी पाहिली होती, दार लावण्याचा आवाज ऐकला होता, नऊ दिवस ती या खोलीतून त्या खोलीत कशी फिरत होती तेही पाहिलं होतं. हो म्हणायला किती वेळ लागतो? पण ते "हो" तिच्यापुढे ठेवण्याआधी मला ते जरा हातात धरून बघायचं होतं. म्हणून मी थांबलो. पंखा फिरत होता.

बायको माझ्या कानाशी वाकली आणि तिने तोंड उघडलं.

"आई, थांब," लेक म्हणाली. "बाबा अडलेले नाहीत."